परिषदेच्या मंचावरची पहिली बैठक

कानपूरकडून सडकेने लखनौला येऊ लागले की शहराची दाट वस्ती लागण्यापूर्वी सरोजिनी नगर लागते. लखनौचा विमानतळ याच बाजूला आहे, आणि कानपूर-लखनौ लोहमार्गावरचे अमौसी हे लहानसे स्थानकही याच भागातले. मुंबईहून लखनौस यावयाचे तर झाशी आणि कानपूर ओलांडून येणारी ही सरळ वाट. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत पंडित विष्णु नारायण भातखंडे, त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर आणि त्यांच्या मागोमाग आलेली मराठी, कोकणी, कानडी मुले याच बाजूने लखनौत शिरावयाची. त्या वेळी या भागाला आजचे नाव नव्हते. ते नाव ज्यांच्यावरून पडले त्या सरोजिनी नायडू १५ ऑगस्ट १९४७ रोजी संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या आणि २ मार्च १९४९ रोजी लखनौतच त्यांनी देह ठेवला.

सरोजिनीबाईंची ओळख कवयित्री आणि देशसेविका म्हणून सर्वांना आहे. परंतु संगीताच्या इतिहासात त्यांचे नाव एका निराळ्याच प्रसंगाने येते. १९३४ साली कलकत्त्यात झालेल्या एका जलशात त्या श्रोत्यांमध्ये बसलेल्या होत्या आणि फैजाबादची एक मुलगी मोठ्या सभेपुढे प्रथमच गावयास बसली होती. ही मुलगी पुढे बेगम अख्तर या नावाने अवघ्या देशाला परिचित झाली. लखनौच्या वेशीवरचे हे नाव वाचताना आम्हांला तो प्रसंग आठवतो आणि त्यातून एक प्रश्न उभा राहतो. एखादा कलावंत जाहीर मंचावर, अनोळखी श्रोत्यांपुढे ‘पहिल्यांदा’ बसतो, ही घटना आज आपण इतकी गृहीत धरतो. पण ती आपल्या संगीतात आली केव्हा, आणली कोणी, आणि तो मंच कोणासाठी खुला झाला?

या प्रश्नाच्या उत्तरात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. तो अभिमानाने सांगण्याजोगा आहे, आणि त्यातली उणीवही तितक्याच मोकळेपणाने सांगितली पाहिजे.

जुन्या काळच्या गवयाला पहिल्या जाहीर गाण्याची तारीख विचारली असती तर त्याला ती सांगता आली नसती. कारण अशी तारीख नसावयाचीच. शागिर्द उस्तादाच्या हातून गंडा बांधून घेई, घरातली कामे करी, वर्षानुवर्षे पलटे घोटी, आणि मग एके दिवशी उस्तादाच्या मागे तंबोरा घेऊन बसण्याची परवानगी त्याला मिळे. उस्ताद दम घेण्यासाठी थांबला की मागून स्वर भरावयाचा, एखादी तान उचलावयाची, एवढीच त्याची मजल. श्रोत्यांना तो हळूहळू परिचित होई. पुढे उस्तादाच्या अनुज्ञेने तो स्वतंत्र गाई तेव्हा समोर बसलेले दहा-वीस लोक त्याचे घराणे, त्याचा गुरू आणि त्याचे गुणदोष जाणून असत. राजा, जहागीरदार, सावकार, घराण्यातली बुजुर्ग मंडळी यांच्यापुढची ही कसोटी कठीण होती यात शंका नाही. परंतु त्या दिवाणखान्याचे दार मोजक्यांनाच उघडे होते, आणि आत येणाऱ्याला कोणीतरी हात धरून आणलेले असे.

हे दार रुंद करण्याचा उद्योग दोन महाराष्ट्रीयांनी आरंभला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून गाण्याचे जाहीर जलसे केले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून सामान्य घरातल्या मुलांना गाणे शिकण्याची सोय केली. भातखंड्यांचा पिंड वेगळा होता. १८६० साली वाळकेश्वरास जन्मलेले हे गृहस्थ पेशाने वकील. पुरावा जमवावयाचा, साक्षी तपासावयाच्या आणि मग निष्कर्ष काढावयाचा, ही सवय त्यांनी संगीतातही सोडली नाही. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा दौरा केला, नंतर उत्तरेकडचे केले. ग्रंथालये धुंडाळली, उस्तादांच्या दारी बसून चिजा उतरवून घेतल्या. गवयांत एकाच रागाविषयी चार मते असतील तर त्या चौघांना एका ठिकाणी बसवून निर्णय करावा, हा विचार त्यांच्या मनात याच भ्रमंतीत पक्का झाला असावा.

या विचारातून १९१६ साली बडोद्यास, सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंड्यांनी तेथे उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचा जो आढावा घेतला तो पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. परिषदेचे स्वरूप नावाप्रमाणेच विचारविनिमयाचे होते. निबंध वाचावयाचे, श्रुतींचे मोजमाप आणि रागांची रूपे यांवर वाद करावयाचे, एकच स्वरलिपी सर्वांनी मान्य करावी म्हणून खटपट करावयाची. त्यानंतर १९१८ साली दिल्ली आणि १९१९ साली काशी अशा परिषदा झाल्या. चौथी आणि पाचवी, अशा दोन्ही परिषदा १९२४ ते १९२६ या काळात लखनौला भरल्या.

भातखंड्यांचा हेतू चर्चेचा होता. पण परिषदेत गाणेबजावणेही होई, आणि लोकांना ओढ होती ती त्याची. श्रुती बावीस की अधिक, या वादात सामान्य श्रोत्याला काय गम्य? त्याला एका तंबूत चार घराण्यांचे गवई ऐकावयास मिळतात, हेच अपूर्व वाटले. परिषदेच्या दिवसाच्या कामातून संगीतशास्त्राला काय लाभले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. रात्रीच्या बैठकांतून मात्र एक नवी वस्तू निश्चित जन्मास आली. पुढे अलाहाबादला, कलकत्त्याला, मुंबईला ‘म्युझिक कॉन्फरन्स’ या नावाने जे समारोह भरू लागले त्यांत चर्चा गळून पडली, नाव राहिले आणि गाणे राहिले. आज आपण ज्याला संगीत महोत्सव म्हणतो त्याची वंशावळ अशी आहे.

या नव्या मंचाने गवयापुढे नव्या अडचणी उभ्या केल्या. मैफलीत राग किती वेळ आळवावा हे त्याचे तो ठरवीत असे. इथे पुढचा कलावंत तंबोरा जुळवीत बसलेला असे. मैफलीत दाद कोठून येईल हे त्याला ठाऊक असे. इथे समोर शेकडो अनोळखी चेहरे. एकामागून एक गाणी होत असल्याने तुलना अटळ. वयोवृद्ध उस्तादांनाही हा मंच पहिल्यांदा चढताना चाचपडल्यासारखे झाले असल्यास नवल नाही. त्या अर्थाने परिषदेच्या आरंभीच्या वर्षांत प्रत्येक जणच नवखा होता. पन्नाशी उलटलेला दरबारी गवई आणि पंधरा-सोळा वर्षांचा शिष्य या दोघांनाही अनोळखी श्रोता सारखाच नवा होता. या मंचावर दरबारातला मान उपयोगी पडत नसे. बसल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांत सभा हाती घ्यावी लागे.

लखनौने या सर्व खटाटोपाला कायमचे घर दिले. राय उमानाथ बली, शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली, उर्दूत संगीतावर ग्रंथ लिहिणारे राजा नवाब अली या मंडळींच्या साहाय्याने १९२६ मध्ये तेथे हिंदुस्थानी संगीताचे महाविद्यालय निघाले. प्रांताचे त्या वेळचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांच्यावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणू लागले. १९२८ पासून रातंजनकर त्याचे प्राचार्य झाले. स्वतः भातखंड्यांजवळ शास्त्र आणि बडोद्यास फैयाजखाँसाहेबांजवळ गायकी शिकलेला हा मनुष्य आपल्या कर्तृत्वाची उमेदीची वर्षे लखनौत घालवून गेला. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा कृष्ण गिंडे दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांच्यापाशी आला आणि त्यांच्या घरचाच होऊन राहिला. सुमती मुटाटकर, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी, वाईचे व्हायोलिनवादक विष्णु गोविंद जोग अशी किती नावे घ्यावीत! गोमती नदीच्या काठी मराठी, कोकणी आणि कानडी उच्चारांत हिंदुस्थानी चिजा घोटल्या जाऊ लागल्या. १९६६ मध्ये महाविद्यालयाला भातखंड्यांचे नाव मिळाले, २००० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला आणि २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने राज्य विद्यापीठ म्हणून चालते. महाराष्ट्राबाहेर एखाद्या मराठी माणसाच्या नावाने उभे असलेले संगीताचे याहून मोठे स्मारक आम्हांस माहीत नाही.

इथपर्यंतची हकीगत आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे आपल्या मंडळांच्या समारंभांत आवडीने सांगतो. तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

हे विद्यापीठ कैसरबागेत ज्या वास्तूत आहे तिला परीखाना म्हणतात. अवधचा शेवटचा नबाब वाजिद अली शाह याने गाण्यानाचण्यात तयार केलेल्या मुली तेथे राहत. त्यांना तो ‘परी’ म्हणे. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले, नबाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेला आणि परीखाना ओस पडला. परंतु लखनौचे गाणे संपले नाही. ते चौकातल्या कोठ्यांवर, तवायफांच्या कंठात राहिले. ठुमरी आणि दादरा, गझल आणि कथ्थकातला भाव यांची कित्येक पिढ्यांची पुंजी या स्त्रियांनी राखली. सारंगिये आणि तबलजी त्यांच्या आधाराने जगले आणि उस्तादांनीही त्यांना तालीम दिली. लखनौचे संगीत म्हटल्यावर जे काही डोळ्यांपुढे येते त्यात अर्धा वाटा या बायकांचा आहे.

त्यांना नव्या मंचावर जागा किती मिळाली? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘नाच’ बंद करण्याची चळवळ देशभर चालू होती. सुशिक्षित समाजाला संगीत हवे होते, पण ते कोठ्यावरून सोडवून घरात आणलेले हवे होते. कुलीन घरच्या मुलींना गाणे शिकता यावे ही सुधारकांची तळमळ खरी होती आणि तिने फार मोठे कार्य केले. पण घर पवित्र करावयाचे म्हणजे ज्यांनी ते इतकी वर्षे झाडून-सारवून ठेवले त्यांनाच आधी बाहेर जावयास सांगावयाचे, असा काहीसा हा न्याय झाला. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत चिजा आल्या, राग आले, थाट आले. ज्यांच्या तोंडी ठुमरी वाढली त्या स्त्रियांची नावे त्या पुस्तकांतून शिकणाऱ्या मुलीला सहसा कळली नाहीत. परीखान्याच्या भिंतींत पुन्हा मुलींचे गाणे घुमू लागले. मात्र तेथल्या पहिल्या गायिकांशी आपले काही नाते आहे असे या मुलींना कोणी सांगितले नसावे.

म्हणून एखादी गाणारीची मुलगी परिषदेच्या मंचावर पहिल्यांदा बसे तेव्हा तिच्यापुढे दोन कसोट्या असत. एक स्वराची, जी सर्वांनाच होती. दुसरी, इथे बसण्याचा आपला हक्क सिद्ध करण्याची. आणि ही कसोटी पुरुषाला कधीच द्यावी लागली नाही. अशा तीन पहिल्या बैठका आम्हांला एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात.

पहिली हिराबाई बडोदेकरांची. अब्दुल करीमखाँ आणि ताराबाई माने यांची ही कन्या १९०५ साली मिरजेस जन्मली. १९२१ च्या सुमारास मुंबईत गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत ती प्रथम जाहीरपणे गायली. वय सोळाच्या आसपास. नंतरच्या काळात त्यांनी तिकीट लावून जलसे केले, आणि स्त्रीने असे जलसे करावेत ही गोष्ट महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडली. हिराबाईंना ज्यांनी ऐकले ते त्यांच्या शांत बसण्याविषयी हमखास बोलत. हातवारे नाहीत, नजरेचा खेळ नाही. पदर सावरून ताठ बसावयाचे आणि स्वर लावावयाचा. हे त्यांच्या स्वभावातून आले असेल, पण त्यात काळाचे ओझेही होते. गाणारी स्त्री ‘तशी’ नाही हे श्रोत्याला तिच्या बैठकीवरूनच कळले पाहिजे, अशी त्या काळाची अपेक्षा होती. हिराबाईंनी ती निभावली आणि तिच्यातूनच एक सौंदर्य निर्माण केले. पण ती अपेक्षा त्यांनी ठेवलेली नव्हती.

दुसरी बैठक अख्तरीबाई फैजाबादी यांची, जिच्यासाठी आम्ही सरोजिनी नगराच्या नावापाशी थांबलो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला. आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठी कलकत्त्यात संगीताचा कार्यक्रम झाला आणि त्यात अख्तरी गायली. सांगतात ते असे, की ठरलेले मोठे कलावंत वेळेवर आले नाहीत, श्रोते अस्वस्थ झाले, आणि तिचे उस्ताद अता महंमदखाँ यांनी पुढे होऊन आपल्या शिष्येला बसवण्याची विनंती केली. मुलगी घाबरलेली, सभा नाराज. तिने गझल सुरू केली आणि सभा शांत झाली. सरोजिनी नायडूंनी तिचे कौतुक केले आणि मागाहून तिला खादीची साडी दिली.

या कथेत तिचे वय पंधरा वर्षांचे सांगण्याची प्रथा आहे. परंतु बेगम अख्तर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९१४ चा मानला जातो. तेव्हा भूकंपानंतरच्या त्या जलशात ती एकोणीस वर्षांची असली पाहिजे. आख्यायिकेने तिला चार वर्षांनी लहान केले. का केले असावे? आम्हांला वाटते, पंधरा वर्षांच्या मुलीला केवळ कौतुक पुरते. एकोणीस वर्षांच्या तरुण गायिकेपाशी पूर्वायुष्य असते. मुश्तरीबाई ही तिची आई स्वतः गाणारी, वडिलांनी दोघींना टाकलेले, पटियाळ्याच्या आणि किराण्याच्या उस्तादांकडे वर्षानुवर्षे घेतलेली तालीम, हे सर्व मागे घेऊन ती त्या मंचावर बसली होती. चमत्कार सांगणे सोपे जाते. मेहनत आणि आईचे कष्ट सांगावयाचे तर ती आई कोण, हेही सांगावे लागते.

ते काही असो. या आख्यायिकेतला सरोजिनीबाईंचा भाग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्या सभेतल्या बहुतेकांनी तिकीट काढले होते ते भूकंपग्रस्तांसाठी. त्या मुलीला ऐकण्यासाठी कोणी आले नव्हते. अशा सभेत राष्ट्रसभेचे अध्यक्षपद भूषवलेल्या एका प्रतिष्ठित स्त्रीने एका तवायफेच्या मुलीला उघडपणे शाबासकी द्यावी, तीही खादीच्या साडीच्या रूपाने, याचा अर्थ त्या काळी सर्वांना कळला असणार. शालजोडी दिली असती तर ते दरबारी बक्षीस झाले असते. खादी देणे म्हणजे ‘तू आमच्यातली आहेस’ असे म्हणणे होते.

तिसरी बैठक धारवाड-हुबळीकडच्या गंगूबाई हनगलांची. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये त्या स्वागतगीत गावयास गेल्या तेव्हा जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. महात्माजींपुढे गावयाचे याची भीती नव्हती. आपल्या जातीमुळे गाणे झाल्यावर उष्टी पाने उचलावयास तर सांगणार नाहीत ना, ही धास्ती त्यांच्या मनात होती, असे त्या पुढे स्वतः सांगत. काही वर्षांनी त्या कलकत्त्याच्या संगीत परिषदेत पहिल्यांदा गेल्या तेव्हा ही किरकोळ बांध्याची बाई एवढी मोठी सभा कशी पेलणार, अशी शंका येऊन संयोजकांनी त्यांना आधी खाजगीत गाऊन दाखवावयास लावले, हीही त्यांचीच आठवण. त्यांनी गाऊन दाखवले, मग सभेत गायल्या, आणि सभेने त्यांना डोक्यावर घेतले. पण मंचावर बसण्याआधी द्याव्या लागलेल्या त्या परीक्षेची आठवण त्यांनी आयुष्यभर जपली, यातच सारे आले.

या तिघींना जोडणारा एक धागा वाचकांच्या ध्यानात आला असेल. हिराबाईंचे गुरू किराण्याचे अब्दुल वहीदखाँ. अख्तरीबाईही त्यांच्याकडे शिकल्या. गंगूबाईंचे गुरू सवाई गंधर्व हे अब्दुल करीमखाँचे शिष्य. किराणा म्हणजे उत्तर प्रदेशातले कैराना गाव. त्या गावचे गाणे मिरज, कुंदगोळ, हुबळीकडे आले, आणि वाळकेश्वरच्या वकिलाचे शास्त्र लखनौला गेले. उत्तरेने स्वर पाठवला आणि दक्षिणेने त्याला पाटी-पुस्तक व मंच दिला. ही देवघेव झाली म्हणून आपले विसाव्या शतकातले संगीत झाले. त्यात एक हिशेब मात्र अपुरा राहिला. ज्या लखनौने परिषदेला घर दिले त्याच लखनौच्या चौकातल्या कित्येक गायिकांना त्या मंचावरची पहिली बैठक कधी मिळालीच नाही. त्यांची तारीख कोणी नोंदवली नाही, कारण तारीख पडण्याजोगा प्रसंगच आला नाही.

अख्तरीबाईंनाही कलकत्त्याच्या शाबासकीने सारे काही मिळाले असे नाही. १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्या बेगम अख्तर झाल्या आणि त्यांचे गाणे थांबले. कुलीन घरात गाणे चालत नव्हते. गाणे होते तेव्हा प्रतिष्ठा नव्हती, प्रतिष्ठा आली तेव्हा गाणे गेले. १९४६ च्या सुमारास, ज्यांच्या खाजगी आयुष्याविषयी लोकापवाद आहे अशा गायिकांना घेऊ नये, असे धोरण नभोवाणीनेही स्वीकारले. काही वर्षांच्या मौनाने बेगम अख्तर आजारी पडल्या. अखेर १९४९ च्या सुमारास लखनौच्या नभोवाणी केंद्रावर त्या पुन्हा गायल्या, आणि गाऊन झाल्यावर त्यांना रडू आवरले नाही असे सांगतात. आमच्या मते त्यांची खरी ‘पहिली बैठक’ हीच. पहिल्या वेळी त्यांना उस्तादांनी पुढे केले होते. या वेळी त्या स्वतःहून मायक्रोफोनपुढे बसल्या. त्यांना खादीची साडी देणाऱ्या सरोजिनीबाई त्याच सुमारास त्याच शहरात, राज्यपालपदावर असताना, निवर्तल्या होत्या.

यापुढची घटना लहानशी आहे, पण आमच्या लेखाचा शेवट तिच्यापाशी होतो. बेगम अख्तर उत्तर वयात भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवू लागल्या. ज्या परीखान्यात वाजिद अली शाहच्या परी गात, जेथे भातखंड्यांची पुस्तके उघडून कुलीन घरच्या मुली स्वर लावीत, तेथे मुश्तरीबाईंची लेक गुरू म्हणून बसली. भातखंडे त्यापूर्वीच, १९३६ साली, वारले होते. त्यांना हे आवडले असते की नाही याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पुरावा समोर आला की जुने मत बदलणारा तो वकील होता, एवढे मात्र आम्हांला ठाऊक आहे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अहमदाबादेत बेगम अख्तर यांचे निधन झाले. त्यांना लखनौला आणून आईच्या शेजारी पुरण्यात आले. १९७५ साली त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळाले.

आज आमच्या प्रवासी मराठी मंडळांतून गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या पहाटे एखादी मुलगी पहिल्यांदा गावयास बसते. समोर खुर्च्यांवर आत्या, मावश्या, शेजारी. चार सुरांचे चुकले तरी टाळ्या ठरलेल्या. इथे बसण्याचा तिचा हक्क तिला कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारील ही शंकाही तिच्या मनास शिवत नाही. ही निर्धास्तता तिला फुकट मिळालेली नाही. कोणी ताठ बसून, कोणी घाबरलेल्या आवाजात गझल आळवून, कोणी आदल्या दिवशी परीक्षा देऊन ती मिळवून ठेवली आहे. तिला भातखंड्यांची गोष्ट आपण सांगतोच. तिच्या गुरूंनी एखाद्या दिवशी मुश्तरीबाईंचीही सांगावी, एवढीच आमची इच्छा. कानपूरच्या सडकेवर सरोजिनी नगरची पाटी आहे. चौकातल्या त्या गायिकांच्या नावाची पाटी कोठेच नाही, आणि त्यांची नावे राहावयाची असतील तर ती शिकवणाऱ्यांच्या तोंडीच राहतील.